पश्चिमेचा जिना

१

तिसऱ्या मजल्यावरच्या भिंतीला माणूस वाकून जाईल एवढं भगदाड पडलं होतं, आणि त्या भगदाडासमोर अग्निशमन केंद्राचे प्रमुख फरशीवर मांडी घालून बसले होते.

बाईंनी आपल्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. लग्नातसुद्धा हा माणूस उभ्या उभ्या जेवला होता. त्या दारातच थांबल्या.

"ताई," भाऊजी मान वर न करता म्हणाले, "तुम्ही मला 'उघडा आहे' म्हणालात."

"हो."

"मी पोराला सांगितलं, पश्चिमेच्या जिन्याने उतर. त्याने विचारलंही नाही. 'हो साहेब' म्हणाला आणि निघाला."

बाई शहराच्या नकाशा विभागाच्या प्रमुख होत्या. पंधरा वर्षांपूर्वी पाण्याचे नळ एका खात्याच्या कपाटात, विजेच्या तारा दुसऱ्याच्या आणि जिने तिसऱ्याच्या कपाटात असायचे, आणि एका खात्याचा कागद दुसऱ्याला दाखवायचा म्हटलं की साहेबांच्या पोटात दुखायचं. बाईंनी जोडे झिजवून, लोकांच्या हातापाया पडून हे सगळं एका जागी आणलं. आता शहरातली प्रत्येक इमारत संगणकावर उभी होती. कुठे आग लागली की जवानांच्या हातातल्या पडद्यावर तिचे मजले, दारं, जिने दिसत.

आदल्या दिवशी सकाळी अठरा नंबरच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर आग लागली. मुख्य जिना धुराने भरला. अकरा वाजून एकवीस मिनिटांनी वायरलेसवर भाऊजींचा प्रश्न आला, 'पश्चिमेचा जिना खात्रीने उघडा आहे का?' बाईंनी नोंद पाहिली. 'उघडा. आठ महिन्यांपूर्वी तपासला. फोटो जोडलेला.' त्यांनी तसं सांगितलं. अख्खी कचेरी श्वास रोखून उभी होती. शेजारच्या टेबलावरचे टेपकाका तेवढ्यात पाणी प्यायला उठून गेले, कारण त्यांना असलं काही बघवत नाही.

केंद्रातले सगळे ज्याला पैलवान म्हणत, तो सव्वीस वर्षांचा जवान पाचव्या मजल्यावरून तिघांना घेऊन पश्चिमेच्या जिन्याने उतरला. चौथा मजला ओलांडला. तिसऱ्यावर जिना संपला आणि भिंत आली. वरून धूर खाली दाटत होता. त्याने आपला श्वसनाचा मास्क बरोबरच्या आजींना चढवला आणि कुऱ्हाडीने भिंत ठोकायला लागला. पलीकडूनही कोणीतरी घाव घालत होतं. भिंत फुटली, तिघं बाहेर आले. चौथा आला नाही, त्याला ओढून काढावं लागलं. तोवर उशीर झाला होता.

बाई पुढे झाल्या आणि त्यांनी भगदाडाच्या कडेवरून हात फिरवला. गिलावा वाळून कडक झाला होता, रंग पिवळा पडला होता, कोपऱ्यात कोळ्याची जुनी जाळी होती.

"भाऊजी, ही भिंत तीन वर्षांची तरी आहे."

भाऊजींनी पहिल्यांदा वर पाहिलं. "मग आठ महिन्यांपूर्वी तुमच्या माणसाने फोटो कशाचा काढला?"

२

भिंत अलीकडून फोडणारी मुलगी इस्पितळात होती. दोन्ही हातांना बँडेज. तिसऱ्या मजल्यावर तिचा व्यायामोपचाराचा दवाखाना होता, मोडलेल्या हाडांना आणि आखडलेल्या पाठींना पुन्हा कामाला लावायचा. ती टेपकाकांची एकुलती एक मुलगी. बाईंनी तिला फ्रॉकात पाहिलेलं.

"मावशी, मी निघाले होते," ती सांगायला लागली. "आग वर आहे, आपल्यापर्यंत येत नाही असं सगळे म्हणत होते. तेवढ्यात बाबांचा फोन आला, आत्ताच्या आत्ता बाहेर पड म्हणून. पेशंटांना आधी खाली पाठवलं, मग खांद्यावर पर्स अडकवली, आणि आतल्या खोलीतून आवाज आला. धप, धप. भिंतीतून. मला आधी वाटलं, काहीतरी कोसळतंय. मग कोणीतरी ओरडलं."

"आणि तू?"

"दहा किलोचं डंबेल उचललं आणि घातलं भिंतीवर. दुसरं काय करणार?" तिने बँडेजमधल्या हातांकडे पाहिलं. "मी त्याचा हात धरला होता, मावशी. गरम होता. मला वाटलं, वाचला."

बाईंनी तिला थोडा वेळ रडू दिलं. मग हळूच विचारलं, "त्या भिंतीमागे जिना आहे हे तुला ठाऊक होतं?"

"नाही हो! जागा घेतली तेव्हा ती खोली तशीच होती. कागद सगळे ठीक आहेत असं मला सांगितलं होतं."

तिला ते कोणी सांगितलं, हे बाईंनी विचारलं नाही. इमारतीच्या व्यवस्थापकानेच सांगितलं असणार, असं त्यांनी गृहीत धरलं.

व्यवस्थापक आपल्या जळक्या वासाच्या खोलीत खुर्चीच्या टोकावर बसला होता. तो कानावर हात ठेवील अशी तयारी करूनच बाई गेल्या होत्या. पण त्याची सगळी रग उतरली होती.

"भिंत मी बांधली," तो लगेच म्हणाला. "जिना कोणी वापरत नव्हतं. खोली मोठी होते म्हणून तिसऱ्या मजल्याचा टप्पा आत घेतला. चूक माझी. मला काय ती शिक्षा द्या. पण बाई, एक सांगा. तुमचा तो उंच तपासनीस आठ महिन्यांपूर्वी आला होता. भिंत पाहिली, फोटो काढला, मला चार शब्द सुनावले. 'लाल शेरा मारतोय, आठवड्यात नोटीस येईल, भिंत पाडून ठेवा' म्हणाला. मी गवंडीसुद्धा बोलावून ठेवला होता."

"मग?"

"मग नोटीस आलीच नाही! आम्हाला वाटलं, तुम्हालाच चालतंय."

३

तपासनिसाला कचेरीत लंबू म्हणत. बाईंच्या समोर तो उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. विभागाच्या वरिष्ठांनी त्याच्या निलंबनाचा कागद तयार ठेवला होता, फक्त सही बाकी होती.

"मी शेरा मारला होता, बाई. आईशप्पथ. जोड इमारती आहेत त्या, सतरा आणि अठरा. सतराचा जिना स्वच्छ होता, अठराला भिंत होती. दोन्हींचे फोटो काढले."

"अठराच्या नोंदीत हा फोटो आहे." बाईंनी पडदा त्याच्याकडे वळवला. सुबक, मोकळा जिना. पायऱ्यांवर खिडकीतून ऊन आलेलं, कठड्याच्या सावल्यांच्या रेघा पडलेल्या.

लंबू बघत राहिला. "हा... हा अठराचा नाही."

"घाई केलीस रे पोरा," मागून टेपकाका म्हणाले. काकांच्या खिशात कायम मोजायची टेप असायची, त्यावरून हे नाव. बाई या कचेरीत नव्या होत्या तेव्हा भिंत कशी मोजायची, नकाशा कसा वाचायचा हे त्यांनी काकांकडूनच शिकून घेतलं होतं. "दिवसाला दहा-दहा इमारती करायला लावतो आपण. एकाचा फोटो दुसऱ्याला लागला असेल. पोरी, माणूस आहे, त्याला फाडून खाऊ नकोस."

बाईंनी मान डोलावली, पण नजर फोटोवरून हलली नाही. फोटो घेतल्याची वेळ कोपऱ्यात होती, सकाळचे दहा वीस. अठराचा जिना पश्चिमेला. सकाळी दहा वाजता पश्चिमेच्या खिडकीतून ऊन येतंच कसं?

सतरा आणि अठरा या इमारती आरशातल्या प्रतिबिंबासारख्या होत्या. सतराचा दुसरा जिना पूर्वेला. म्हणजे हा फोटो सतराचाच, यात शंका नव्हती. पण काकांचं म्हणणं पटत नव्हतं. इमारतीच्या दाराशी निळी पाटी असते, तिच्यावर लांबलचक क्रमांक आणि चौकोनी कोड. तपासनिसाने तो कोड फोनने टिपला की त्याच इमारतीची नोंद उघडते आणि फोटो तिथेच जातो. फोटो हाताने निवडून लावायची सोयच नव्हती. ती बाईंनीच काढून टाकली होती, चुका होऊ नयेत म्हणून.

त्यांनी सतरा नंबरची जुनी, पुसलेल्या मजकुरासकटची नोंद उघडली. तिथे लंबूचा लाल शेरा होता. भिंतीचा फोटो होता. दोन्हींवर काट मारलेली.

म्हणजे लंबू अठराच्या दाराशी उभा होता, पण त्याच्यासमोरच्या पाटीने सतराची नोंद उघडली. नकाशाला कोणी हातच लावला नव्हता. कोणीतरी दोन पाट्या काढून एकमेकींच्या जागी ठोकल्या होत्या. काम होतं चार स्क्रूंचं!

"पण यंत्राने अडवायला हवं होतं," लंबू म्हणाला. "माणूस भलत्या जागी उभा असला तर ते नोंद घेत नाही ना? पंधरा मीटरची हद्द आहे."

हद्द पंधरा मीटरची होती. गल्लीबोळात फोनला जागा नीट कळायची नाही, खऱ्या नोंदीसुद्धा परत यायच्या, तपासनीस रोज त्यांच्या नावाने खडे फोडायचे. गेल्या वर्षी एके दिवशी वैतागून बाईंनी ती साठ केली होती. कोणालाही न विचारता.

सतरा आणि अठराच्या दारांमध्ये चाळीस मीटरचं अंतर होतं.

४

रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळ होताच त्या जोड इमारतींकडे गेल्या. अठराची पाटी काजळीने माखली होती. त्यांनी रुमालाने ती पुसली. क्रमांक बरोबर होता, आता पाटी आपल्याच जागी होती. पण कडेला पिस्त्याच्या रंगाचे चार-पाच थेंब वाळून बसले होते. अठराच्या भिंती राखाडी, पहिल्यापासून राखाडी. हा हिरवा आला कुठून?

त्यांनी वळून पाहिलं. समोरची सतरा नंबरची इमारत नखशिखांत पिस्ता रंगाची होती.

सतराच्या सचिव एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी बाईंना शाळेत उशिरा आलेल्या मुलीसारखं आपादमस्तक न्याहाळलं आणि मग फाइल काढली.

"तुमच्या खात्याची नोटीस, एकोणीस तारखेची. 'आपला दुसरा जिना भिंत घालून बंद केला आहे.' मी म्हटलं, डोकं फिरलंय का यांचं? रोज सकाळी त्याच जिन्याने मी तीनदा चढ-उतार करते, गुडघ्यासाठी. वीस तारखेला तक्रार ठोकली. आणि हे सव्वीसचं तुमचं पत्र. 'समक्ष पाहणी केली, जिना खुला आढळला, तक्रार निकाली.' समक्ष कसली? कोणी फिरकलंच नाही. मी म्हटलं, जाऊ दे, नोटीस टळली ना."

"तेव्हा इमारतीला रंग चालू होता?"

"तीन आठवडे! त्या रंगाऱ्याचं नाव काढू नका. प्रवेशदार सगळ्यात शेवटी केलं, सत्तावीस-अठ्ठावीसला. पत्रपेटी हिरवी, घंटा हिरवी, तुमची ती निळी पाटी हिरवी, माझी नवी चप्पल हिरवी. मी हिशोबच मांडला त्याच्यासमोर, एकेका डागाचा."

बाईंनी दाराशी जाऊन पाहिलं. सतराची पाटी लख्ख होती, एक थेंब नाही.

"ही कोणी पुसली?"

मुख्याध्यापिकांनी चष्मा सरळ केला. "काय की. महिनाभराने बघते तर स्वच्छ. मला वाटलं, मेल्याला उशिरा का होईना, अक्कल आली."

बाई पायरीवरच टेकल्या. दाराला रंग लागला सत्तावीस-अठ्ठावीसला. त्याचे थेंब अठराच्या पाटीवर होते. म्हणजे अठ्ठावीस तारखेला अठराची पाटी इथे, सतराच्या दाराशी होती. पाट्या तेव्हाही अदलाबदल केलेल्याच होत्या.

आणि सव्वीस तारखेला कोणीतरी 'सतराची समक्ष पाहणी' केली होती. पाटीवरचा कोड टिपल्याशिवाय तक्रार निकाली निघतच नाही. जो कोणी प्रामाणिकपणे या दाराशी आला असता, त्याच्या फोनवर अठराची नोंद उघडली असती. तो गोंधळला असता, त्याने कचेरीत फोन केला असता, अर्ध्या तासात भांडं फुटलं असतं. पण त्या माणसाच्या फोनवर सतराचीच नोंद उघडली होती. ती फक्त समोर, अठराच्या दाराशी उभं राहून उघडता आली असती.

त्याला पाटी कुठे आहे हे ठाऊक होतं. ठाऊक असण्याचं एकच कारण होतं.

बाईंनी सव्वीसचं पत्र उलगडून खालची सही पाहिली. ही सही ओळखायला त्यांना चष्मा लागला नसता. त्यांच्या नेमणुकीच्या पहिल्या अर्जावर शिफारस म्हणून तीच होती.

५

टेपकाका आपल्या टेबलाशी पेन्सिलीला टोक काढत बसले होते. बाईंनी दार लावून घेतलं, खुर्ची ओढली आणि एकामागून एक सगळं सांगितलं. ऊन, पाट्या, रंग, तारखा. त्यांना मनापासून वाटत होतं की काका हसतील, 'पोरी, इथे चुकलीस' म्हणतील आणि कुठे चुकलं ते दाखवतील. आजवर त्यांनी नेहमी तेच केलं होतं.

काकांनी पेन्सिल खाली ठेवली.

"पाट्या परत लावताना नीट बघायला हव्या होत्या मी," ते म्हणाले. "रंगाचं लक्षातच आलं नाही."

"काका!"

"तिचा दवाखाना नुकता कुठे चालायला लागला होता. नवरा सोडून गेल्यावर दोन वर्षं ती खोलीबाहेर पडत नव्हती, तुला माहीत आहे. जागा मीच बघून दिली. कागद ठीक आहेत असं मीच सांगितलं. भिंत पाडली असती तर तिची निम्मी जागा गेली असती, आणि व्यवस्थापकाने तिला काढलंच असतं. त्या महिन्यात त्या रस्त्याची तपासणी आहे हे मला कळलं. एका रविवारी गेलो आणि पाट्या बदलल्या. म्हटलं, दुसरा जिना कोण वापरतंय? वर्षभर ती सावरली की मी स्वतः तिला दुसरी जागा बघून देणार होतो. खरंच देणार होतो गं."

"एवढं शिकवलंत मला. रेघ चुकली की पूर्ण कागद फाडायला लावायचात."

काकांनी पेन्सिलीचा भुगा बोटाने एका जागी लोटला.

बाईंच्या मनात एक गोष्ट मघापासून टोचत होती. "परवा वायरलेसवर प्रश्न आला. मी 'उघडा आहे' म्हणाले. तुम्ही माझ्या शेजारी होता. उठून गेलात."

"पाणी प्यायला."

"येताना इस्पितळात तुमच्या मुलीच्या फोनवर वेळ पाहून आले. अकरा बावीस. तुम्ही तिला बाहेर पड म्हणून सांगितलंत."

काकांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. खिडकीबाहेरच्या रस्त्यावर कोणीतरी हॉर्न वाजवत होतं, वाजवतच होतं.

"पैलवानाला त्या भिंतीपर्यंत पोचायला सहा मिनिटं लागली, काका. एक शब्द. मला म्हणाला असतात, 'नाही', एवढंच. मी कारण विचारलं नसतं. तुम्हाला मी आयुष्यात कधी कारण विचारलं होतं का?"

"तोंडाशी आलं होतं," काका कुजबुजले. "तिला फोन केला, आणि परत आलो तेव्हा सांगणारच होतो. दारात पोचलो. तू पडद्याकडे बघत होतीस. मग वाटलं, कदाचित भिंत पाडली असेल. कदाचित तो दुसरीकडून जाईल." त्यांनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. "मी दारात उभा राहिलो, पोरी. मी नुसता उभा राहिलो."

६

बाईंनी अहवाल दोन पानांत संपवला. पहिल्या पानावर टेपकाकांचं कृत्य होतं. दुसऱ्यावर साठ मीटरची हद्द, ती कोणी वाढवली, केव्हा वाढवली आणि कोणाला विचारलं नाही. वरिष्ठ म्हणाले, दुसरं पान कशाला, गुन्हेगार सापडला ना. बाईंनी पान परत घेतलं नाही. त्यांचं प्रमुखपद गेलं. लंबूचं निलंबन मात्र टळलं. तो येऊन त्यांच्या पाया पडायला लागला तेव्हा त्यांनी त्याला हाताला धरून उभं केलं आणि पाठवून दिलं.

काकांना पोलिसांनी नेलं तेव्हा मुलगी कचेरीत आली होती. बँडेज बांधलेल्या हातांनी तिने आपला फोन वरिष्ठांच्या टेबलावर ठेवला. "तुम्हाला पुरावा म्हणून लागेल," म्हणाली. बापाकडे तिने पाहिलं नाही. पायऱ्या उतरताना मात्र तिचा तोल गेला, आणि बाईंनी तिला सावरलं. दोघी तिथेच पायरीवर बसल्या. तिने एकच विचारलं, "मावशी, तो जवान मला त्या जिन्याने आणत असता, तर बाबांनी सांगितलं असतं ना?" बाईंनी हो म्हटलं. खरं तेच होतं, आणि त्याहून वाईट काही नव्हतं.

हद्द साठची झाल्यापासून घेतलेल्या नोंदी होत्या नऊ हजार. बाईंनी त्या पायी तपासायचं मागून घेतलं. प्रमुखाची खुर्ची नव्हती, पण पाय होते. पहिल्या सोमवारी त्या पहिल्या इमारतीशी पोचल्या तर फाटकाशी भाऊजी उभे. साध्या कपड्यांत, सुट्टी टाकून.

"धाकटी म्हणाली, ताई एकटीच जाणार आहे," ते म्हणाले. त्या दिवसानंतर ते पहिल्यांदाच बाईंशी बोलत होते. "दारं उघडायला माणूस लागेल."

बाईंनी मान हलवली आणि नोंदींची यादी त्यांच्या हातात दिली.

दहा इमारतींत सगळं नोंदीप्रमाणे होतं. अकरावी इमारत एका शिकवणी वर्गाची. दुसऱ्या मजल्यावर पन्नास-साठ मुलं पाढ्यांसारखी सूत्रं घोकत होती. नोंदीत लिहिलं होतं, 'मागचा जिना, उघडा.' भाऊजींनी वर्गाच्या टोकाचं दार ओढलं. गंजलेली कडी करकरली.

आत विटा होत्या. दारापासून हातभर अंतरावर, वरपासून खालपर्यंत, अजून गिलावाही न केलेल्या.

मुलं घोकायची थांबली. पुढच्या बाकावरची एक मुलगी वाकून आत बघायला लागली. भाऊजींनी विटांवर तळहात टेकवला आणि तसेच उभे राहिले.

"लिहा, ताई," ते भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले. मग वळले आणि शांतपणे, प्रत्येक शब्द सुटा करत मुलांना सांगितलं, "दप्तरं राहू द्या. पुढच्या जिन्याने, एकामागून एक. पळायचं नाही."